शितावरून भाताची परीक्षा



दिवाळीच्या सुटीस दोन दिवस उरले असता, संध्याकाळी मैदानावरून परतताना आपल्या शाळेतील पाचसहा मोठे विद्यार्थी निंबाच्या पारावर एका मोबाईलभोवती डोकी एकत्र करून बसलेले मला दिसले. एखादा चित्रपट चालला असावा अशा समजुतीने मी जवळ गेलो. परंतु तेथे चालला होता वादविवाद, आणि तोही आकड्यांचा! ही मुले बास्केटबॉलचा एक खेळ खेळत होती. त्यात चेंडू हाती घ्यावा लागत नाही. प्रत्येकाने एका काल्पनिक संघाचे व्यवस्थापक व्हावयाचे, आणि हंगामाच्या शेवटी नव्या होतकरू खेळाडूंमधून पाळीपाळीने एकेक निवडून घ्यावयाचा. या होतकरूंचे खरे गुण खेळ गुप्त ठेवतो. दाखवितो ते एवढेच: वय, उंची, खेळण्याची जागा, आणि दोनतीन सामन्यांचे आकडे. एवढ्या शिदोरीवर व्यवस्थापकाने ओळखावयाचे की कोणता मुलगा पुढे नाव काढील आणि कोणता दुसऱ्याच वर्षी मागे पडेल.

एका सामन्यात २८ गुण मिळविणारा उंच खेळाडू घ्यावा असे एकाचे म्हणणे, तर वयाने लहान व आकड्यांनी सामान्य असा दुसराच घ्यावा असे त्याच्या मित्राचे म्हणणे. अखेरीस त्यांनी मलाच विचारले, "सर, तुम्ही कोणाला घेतले असते?" मी तेव्हा उत्तर दिले नाही. वार्षिकाच्या अंकात देईन, असे सांगून घरी आलो. ते वचन आज पुरे करतो. उत्तर टाळण्यास एक खाजगी कारणही होते. ते लेखाच्या ओघात येईल.

आपल्या भाषेत या विषयावर दोन म्हणी आहेत. एक, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. दुसरी, शितावरून भाताची परीक्षा. दोन्ही म्हणींचा अर्थ असा की थोडे पाहून पुष्कळ ओळखता येते. स्वयंपाकघरात हे खरे आहे. एक शीत बोटांनी दाबून पाहिले की हंडी उतरावी की नाही हे आपल्या आयाबहिणींना अचूक कळते. पण ते का कळते याचा आपण विचार करीत नाही. हंडीतला सगळा तांदूळ एकाच पोत्यातला, एकाच पाण्यात, एकाच जाळावर, एकाच वेळी शिजत असतो, म्हणून एक शीत सर्वांच्या वतीने बोलू शकते. मुलाचा एक दिवस त्याच्या सर्व दिवसांच्या वतीने बोलू शकतो काय? हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. बास्केटबॉलचा जन्म १८९१ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी झाला. तेथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात मुलांना घरात खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या बांधल्या, तेरा नियम लिहून काढले, आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ करून खेळ सुरू केला. पुढे त्याच संस्थेच्या द्वारे हा खेळ देशोदेशी गेला. आपल्या देशातही मद्रास येथे १९२० साली स्थापन झालेल्या वाय. एम. सी. ए. च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून निघालेल्या शिक्षकांनी असे खेळ शाळांच्या मैदानांवर नेले.

होतकरूंना पाळीपाळीने निवडण्याची 'ड्राफ्ट' नामक पद्धतही अमेरिकेतलीच. तेथील व्यावसायिक बास्केटबॉलात ती १९४७ सालापासून चालत आली आहे. त्या निवडीच्या पाठीशी पगारी पारखी, चित्रफिती आणि आकड्यांची भांडारे असतात. तरीही २०१४ साली निकोला योकिच नावाच्या सर्बियन तरुणाची निवड ४१व्या क्रमांकावर झाली. म्हणजे त्याच्या आधी ४० नावे पुकारली गेली. हाच योकिच २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन हंगामांत एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतकी साधने हाताशी असून जेथे जाणते चुकतात, तेथे हाती एक शिटी व एक वही असलेल्या शाळामास्तराने किती जपून वागावे!

मी जपून वागलो नव्हतो. त्याची हकिकत अशी. वीसएक वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवा असता, तालुक्याच्या सामन्यांसाठी संघ निवडण्याचे काम मजकडे आले. त्या वेळी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तीस मुले जमली. वेळ थोडा होता. मी प्रत्येकास एका ठरावीक रेषेवरून दहा वेळा चेंडू टोपलीत टाकावयास सांगितले आणि वहीत आकडे मांडले. सात किंवा अधिक ज्यांचे गेले ते संघात, बाकीचे घरी. हा न्याय मला फार शुद्ध वाटला. कारण त्यात ओळख नाही, वशिला नाही, केवळ आकडा. त्या तिसांत दूरच्या पाड्यावरून आलेला एक सडपातळ मुलगा होता. त्याचे दहांपैकी चार गेले. मी त्याच्या नावापुढे फुली मारली. तो काही बोलला नाही. पायांतील धूळ झटकीत गेला, आणि पुन्हा मैदानावर आला नाही.

आता त्या वहीला मी आज जे चार प्रश्न विचारतो, ते तुम्हीही कोणत्याही आकड्याला विचारावेत.

पहिला प्रश्न: किती वेळा?

गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण स्वतः करून पाहावे. समजा, तीसही मुले अगदी सारख्याच कुवतीची आहेत. प्रत्येकाचा निम्मा नेम लागतो. म्हणजे प्रत्येक फेक ही नाणेफेकीसारखी झाली. दहा फेकींचे एकंदर १०२४ प्रकार होतात. त्यांपैकी सात वेळा यश येण्याचे १२०, आठ वेळा ४५, नऊ वेळा १० आणि दहाही वेळा १. बेरीज १७६. म्हणजे सहांपैकी सुमारे एक मुलगा, अंगी काडीचाही अधिक गुण नसता, सात किंवा अधिक चेंडू टाकून जाईल. तीस मुलांत असे पाच निघतील. बास्केटबॉलच्या संघात मैदानावर किती खेळाडू असतात? पाच! तात्पर्य, माझा अख्खा संघ निव्वळ योगायोगाने निवडला गेला असणे सहज शक्य होते, आणि मी मात्र माझ्या पारखीवर खूष होतो.

उलट बाजूही पाहा. ज्याचा नेम दहांपैकी सहा वेळा खात्रीने लागतो, असा चांगला मुलगा घेतला, तरी दहा फेकींच्या एखाद्या परीक्षेत त्याचे चार किंवा त्याहून कमी जाण्याचा संभवही सहांत सुमारे एक इतकाच आहे. पाड्यावरचा तो मुलगा तसा होता की नव्हता, हे मला सांगता येत नाही. मला जे सांगता येत नव्हते, ते मी वहीत फुली मारून सांगितले, हीच माझी चूक.

फेकी वाढविल्या की चित्र पालटते. निम्मा नेम असणारा मुलगा शंभरांपैकी सत्तर किंवा अधिक चेंडू टाकील हे लाखात सुमारे चार वेळाच घडेल. तेव्हा दहांत सात आणि शंभरांत सत्तर हे दोन्ही आकडे शेकडा सत्तर असले, तरी एक कुजबुज आहे व दुसरी साक्ष आहे.

येथे कोणी म्हणेल की प्रत्येकास शंभर संधी देण्यास वेळ कोठून आणावा? यावर एक सोपा तोडगा आहे. ज्या गटातून निवड करावयाची त्या गटाची सर्वसाधारण सरासरी धरून प्रत्येकाच्या खात्यात दहा काल्पनिक फेकी मिळवाव्यात. सरासरी निम्मी असेल तर प्रत्येकाच्या यशात पाच व एकंदर फेकींत दहा वाढवावेत. ज्याचे चारांपैकी चारही गेले, त्याचा हिशेब मग १४ पैकी ९ होतो, म्हणजे शेकडा ६४. ज्याचे ४५ पैकी ३० गेले, त्याचा ५५ पैकी ३५, म्हणजे तोही शेकडा ६४. पहिल्याचा आकडा शंभर नंबरी दिसत होता आणि दुसऱ्याचा ६७. पण हिशेबाअंती दोघे शेजारी येऊन बसले. थोड्या पुराव्याने मोठी उडी घेऊ नये, हे व्यवहारज्ञानच या युक्तीने अंकांत मांडले आहे. दहा हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. जेथे नशिबाचा भाग अधिक तेथे तो वाढवावा. जेथे कमी तेथे घटवावा.

आणि रेषेविषयी एक शब्द. आपल्या नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक आहे. त्याचे एक टोक महाराष्ट्रात व दुसरे गुजरातेत असल्याने बाहेरगावचे पाहुणे त्यावर बसून छायाचित्रे काढतात. बसणाऱ्यास मात्र इकडचे लाकूड व तिकडचे लाकूड यांत काही भेद जाणवत नाही. सहा व सात यांमधील माझी रेषा तशीच होती. रेषा कोठेतरी ओढावीच लागते. पण ती आपण ओढलेली आहे, मुलांच्या अंगी नाही, याचे भान सुटू नये.

दुसरा प्रश्न: कोणापुढे?

२०१६ सालच्या जानेवारीत, ४ व ५ तारखेस, कल्याण येथे भंडारी चषकाच्या शालेय क्रिकेट सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या १५ वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा काढल्या. इंग्लंडातील क्लिफ्टन येथे ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ साली काढलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्यामुळे मागे पडला. साऱ्या जगात या मुलाचे नाव झाले. त्याची चिकाटी खरोखर असामान्य. इतका वेळ उन्हात उभे राहून एकाग्र राहणे हे कोणाही प्रौढास जड जावे.

परंतु त्याच धावपत्रकाचे दुसरे पान वाचावे. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ व ५२ धावांत आटोपले होते, आणि के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला होता. ज्या सामन्यात एक बाजू इतकी दुबळी, तेथील आकडा खेळाडूच्या बळाबरोबर प्रतिपक्षाच्या दौर्बल्यानेही फुगलेला असतो. यात त्या मुलाचा काही दोष नाही. दोष असलाच तर तो आपणा मोठ्यांचा, जे एका आकड्यावरून त्याच्या कोवळ्या खांद्यांवर उद्याच्या थोरवीचे ओझे ठेवून मोकळे झाले. निवड न झालेल्या मुलावर आकड्याने अन्याय होतो, तसाच डोक्यावर घेतलेल्या मुलावरही होतो.

तुमच्या मोबाईलमधील २८ गुणांचा तो उंच खेळाडू कोणत्या संघापुढे खेळला, किती मिनिटे मैदानावर होता, आणि त्याच्या संघात चेंडू टाकणारा दुसरा कोणी होता की नाही, हे पाहिल्यावाचून त्या २८ ला काही अर्थ नाही. ४० मिनिटांत २८ आणि २० मिनिटांत १६ यांत वेगाने सरस कोण, हे तिसरीतले पोरही सांगेल.

तिसरा प्रश्न: कोणत्या वयात?

१९८८ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी सेंट झेवियर शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. केवळ धावपत्रक पाहणारा म्हणेल की कांबळी २३ धावांनी सरस. पण धावपत्रकात न लिहिलेली गोष्ट ही की कांबळीचे वय तेव्हा १६ होते व तेंडुलकरचे १४. वाढत्या वयात पंधरा महिन्यांचे अंतर म्हणजे हाडापेराचे, ताकदीचे व समजुतीचे केवढे अंतर, हे वर्गात शिकविणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा शेजारी उभे राहतात. पहिला जवळजवळ एक वर्षाने थोर असतो, आणि आपण त्याच्या वयाला गुण समजून त्याला निवडतो. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासून १९८५ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार होता. आपल्याकडे तर आणखी एक अडचण. शाळेच्या नोंदवहीत किती मुलांची जन्मतारीख १ जून आहे हे एकदा मोजून पाहा! साऱ्यांच्या आयांनी त्याच दिवशी पाळणे बांधले नव्हते. नाव घालताना गुरुजींनी सोयीने ती तारीख लिहिली. म्हणजे वयाचा आकडाही पुष्कळदा अंदाजच असतो.

चौथा प्रश्न: वहीत काय लिहिलेले नाही?

त्याच ६६४ धावांच्या सामन्यात शारदाश्रमाचा पुढचा फलंदाज पायांना पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता. पाळी आलीच नाही. त्याचे वय १३, नाव अमोल मुजुमदार. त्या दिवसाच्या पत्रकावरून त्याची योग्यता ठरवावी तर ती शून्यही ठरत नाही. तेथे आकडाच नाही. पुढे १९९४ साली फरिदाबाद येथे हरियाणाविरुद्ध रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटात त्याने ११,००० हून अधिक धावा जमविल्या. तथापि भारताच्या संघात खेळण्याची पाळी त्याला कधीच मिळाली नाही. मात्र २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने जागतिक करंडक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हेच अमोल मुजुमदार होते. वाट पाहणे, सहकाऱ्याचे यश आनंदाने पाहणे, आणि तरीही सराव न सोडणे, या गुणांसाठी कोणत्याही धावपत्रकात रकाना नसतो.

आपल्या भागास जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांचे घ्यावे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात त्यांनी कांस्यपदक मिळविले व त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. डोंगरउतारावर वाढलेल्या मुलीच्या पायांतील दम शहरातल्या मैदानावर घेतलेल्या १०० मीटरच्या चाचणीत दिसला असता काय? ज्या चाचणीत गुण मोजलाच जात नाही, त्या चाचणीत तो नाही असे म्हणणे म्हणजे तराजूने लांबी मोजण्यासारखे आहे. माझ्या तीस मुलांच्या परीक्षेत उभे राहून चेंडू टाकणे एवढेच होते. धावणे नव्हते, दुसऱ्यास चेंडू देणे नव्हते, हरताना धीर धरणे नव्हते. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन रोज टेकडी चढणाऱ्या मुलाजवळ जे होते, ते मी विचारलेच नाही.

हे चार प्रश्न विचारून निवड केली, म्हणजे काम संपले असेही नाही. निवडीनंतरचे आकडेही थोडेच असतात. विनोद कांबळी यांच्या कसोटी क्रिकेटातील पहिल्या आठ डावांत एकंदर ७९३ धावा झाल्या. त्यांत २२४ व २२७ असे लागोपाठ दोन डाव होते. सरासरी पडली ११३. ब्रॅडमन यांची आयुष्याची सरासरी ९९.९४, तेव्हा ११३ हा आकडा टिकणारा नव्हता, हे त्याच वेळी ओळखता आले असते. पुढील तेरा डावांत त्यांच्या २९१ धावा झाल्या; सरासरी २२. आणि १९९५ साली, वयाच्या २३व्या वर्षी, त्यांचा शेवटचा कसोटी सामना होऊन गेला. एकंदर सरासरी ५४.२० राहिली. आता विचार करा: आठ डाव कोणास ब्रॅडमनच्या वर बसविण्यास जर अपुरे, तर तेरा डाव कायमचा निरोप देण्यास पुरेसे कसे? निवडकर्त्यांना आकड्यांपलीकडची कारणेही दिसली असतील. पण आपल्यापुरता धडा असा की थोड्या आकड्यांवर विसंबून स्तुती करू नये, आणि त्याच मापाने निंदाही करू नये.

याउलट तेंडुलकरच्या बाबतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. ३२६ धावा झाल्या म्हणून कोणी डोळे मिटून त्याला पुढे ढकलले नाही. मुंबईचे कर्णधार दिलीप वेंगसरकर यांनी त्याला सरावाच्या जाळीत कपिल देव यांच्या गोलंदाजीपुढे उभे केले व स्वतः पाहिले. म्हणजे आकड्याने दार ठोठावले. दार उघडण्यापूर्वी जाणत्याने दुसरी व अधिक कठीण परीक्षा घेतली. १९८८ च्या डिसेंबरात तो मुंबईकडून गुजरातविरुद्ध पहिला रणजी सामना खेळला व त्यात नाबाद १०० धावा केल्या. आकडा आणि डोळा यांनी एकमेकांची साक्ष काढावी, ही पारखीची उत्तम रीत होय.

पवित्र शास्त्रातील शमुवेल संदेष्ट्याची कथा तुम्ही जाणताच. इशायाच्या घरी राजा निवडण्यास तो गेला आणि थोरल्या मुलाची उंची व रूप पाहून हाच तो, असे त्यास वाटले. सात मुलगे समोरून गेले. आठवा घरीच नव्हता. तो रानात मेंढरे राखीत होता. 'आणखी कोणी उरला आहे काय?' असे विचारण्याचे शमुवेलास सुचले नसते, तर दावीद रानातच राहिला असता. पारखी मनुष्याचा सर्वांत मोठा प्रश्न हाच.

आता पारावरच्या मित्रांना माझे उत्तर. तुमच्या खेळात मी वयाने लहान असलेला, पुष्कळ मिनिटे खेळलेला आणि बलवान संघापुढेही आपला आकडा राखणारा घेतला असता. २८ गुणांचा एकच सामना पाहून उंच खेळाडूच्या मागे लागलो नसतो. तरीही माझी निवड चुकू शकते, हे मनाशी धरून चाललो असतो. तुमचे चुकले तर एक काल्पनिक संघ हरेल, व नव्या हंगामात नवी नावे येतील. मैदानावर मात्र फुली मारलेले नाव पाय धुऊन घरी जाते.

पाड्यावरचा तो मुलगा त्याच हिवाळ्यात आईबापांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेला व शाळेत परतला नाही. संघात असता तर राहिला असता असे मी म्हणत नाही. पोटाचे प्रश्न एका चेंडूने सुटत नाहीत. पण शाळेत राहण्यासाठी त्याच्याजवळ जी एकदोन कारणे असतील, त्यांतले एक मी दहा फेकींत काढून घेतले, हे मला विसरता येत नाही.

गेल्या जून महिन्यात एक गृहस्थ मुलीचे नाव पाचवीत घालण्यास आपल्या शाळेत आले. मी ओळखले नाही, त्यांनी ओळखले. जुना विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. कागद पुरे झाल्यावर दाराशी थबकून त्यांनी एवढेच विचारले, "सर, हिला खेळायला घ्याल ना?"

आता मी निवड तीन निरनिराळ्या दिवशी करतो. फेकीबरोबर धावणे पाहतो, चेंडू देणे पाहतो, आणि हरणाऱ्या बाजूस घालूनही पाहतो. फुली मारणे सोडून दिले आहे. त्या मुलीचे पहिल्या दिवशी दहांपैकी तीन गेले. तिच्या नावापुढे मी लिहिले: पुन्हा पाहणे.